सतरा रविवार न मेलेली खाणावळवाली

मी नोकरीची सगळी वर्षं हवेत काढली. माझगावला गोदीत क्रेन चालवायचो. केबिन इतकी उंच, की सकाळी दाढी करून शिडी चढायला लागलं तर वर पोचेपर्यंत खुंट परत वाढायचे. एकदा जहाजातून एक खोकं उचललं तर त्याच्या फळ्या फोडून जिराफाची मान वर आली. तिने माझ्या खिडकीतून आत तोंड घातलं आणि माझ्या डब्यातली भेंडीची भाजी खाऊन टाकली. पोळ्या ठेवल्या. ही हकीकत मी काळाचौकीला आमच्या चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून किमान दोनशे वेळा सांगितली असेल, आणि दोनशेही वेळा आतून बायकोचा आवाज आला, "त्यातलं निम्मं धरा हो!" त्यावर शेजारचे म्हणायचे, "वहिनी, निम्मा जिराफ म्हणजे गाढव झालं!" मग जो हशा व्हायचा, तो खाली पानवाल्यापर्यंत ऐकू जायचा.

चाळ पाडली. टॉवर होईपर्यंत आम्ही भाड्याच्या खोलीत राहिलो, आणि टॉवर उभा राहण्याआधी बायको गेली. ताबा मिळाला तेव्हा अठराव्या मजल्यावर मी एकटाच चढलो. एकूण काय, परत हवेत.

टॉवरमध्ये गॅलरी नाही. पॅसेज आहे, आणि पॅसेजमध्ये लोक उभे राहत नाहीत, ते किल्ली शोधतात. जुनीच माणसं, जुनेच शेजारी, पण दारं लागली की गोदामासारखी लागतात. लिफ्टमध्ये सगळे वरच्या लाल आकड्याकडे असे बघतात, जसा काही शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्यात. मी जिराफ वॉचमनला सांगून पाहिला. तो म्हणाला, "हां साहब." पुढच्या महिन्यात एजन्सीने नवा वॉचमन पाठवला, त्याला सांगितला. तोही म्हणाला, "हां साहब." आता थाप मारणाऱ्याला कुणी विश्वास ठेवलेला नको असतो, कुणीतरी भांडायला हवं असतं. 'हां साहब' म्हणजे थापेवर ओतलेलं गार पाणी. तिसऱ्या वॉचमनला मी सांगितलंच नाही.

तर अशात एकदा लिफ्टमध्ये चौदाव्या मजल्यावरची मुलगी माझ्याकडे वळली. इमारतींचे नकाशे काढायच्या कुठल्याशा ऑफिसात नोकरीला होती. मी वॉचमनला सांगताना तिने मागून ऐकलं असणार.

"काका, जिराफाने भेंडी चावून खाल्ली की गिळली?"

टॉवरमधल्या तीन वर्षांत पहिली शंका!

"गिळली," मी म्हटलं. "एवढी लांब मान. चावत बसला असता तर खाली पोचेपर्यंत संध्याकाळ झाली असती."

"काहीही हं काका!" ती म्हणाली. "रविवारी चारला काय करता?"

रविवारी चारला मी फ्रिजची घरघर ऐकतो. पण तसं थोडंच सांगणार? म्हटलं, "बघावं लागेल. दोनतीन ठिकाणी बोलावलंय."

तिचं काम असं होतं. ती आणि तिचे दोन मित्र मिळून एक खेळ खेळायचे. टेबलाभोवती बसून खेळायचा, पण पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं. 'समोर नदी आहे, काय करता?' असं सांगणाऱ्याने विचारायचं. 'पोहतो' म्हणालात तर वीस बाजूंचा एक फासा टाकायचा. मोठा आकडा पडला तर पार, लहान पडला तर बुडबुड. त्यांचा गोष्ट सांगणारा मित्र नोकरीसाठी परदेशी गेला होता. त्या पदाला त्यांचा एक लांबलचक इंग्रजी शब्द होता. मी म्हटलं, "म्हणजे सूत्रधार. एवढंच ना?"

"एवढंच," ती म्हणाली. "आम्हाला नॉनस्टॉप थापा मारणारं कुणीतरी हवंय."

नोकरीच्या मुलाखतीत मला इतकं मानाने कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या रविवारी तिघं माझ्या घरी आली. तिचा एक मित्र दादरचा डेंटिस्ट. हसलं की समोरच्याचे दात मोजणारा. दुसरा गिरगावात फणसवाडीत राहणारा, बँकेत नोकरीला. तो इतका कमी बोलायचा, की पहिले दोन रविवार मला वाटलं डेंटिस्टाने त्याचं काहीतरी काढलंय. त्यांनी टेबलावर तीन पुस्तकं ठेवली. तीन साहसं. त्यातलं कुठलं खेळायचं ते सूत्रधाराने निवडायचं, म्हणजे मी.

पहिलं घेतलं. डोंगराच्या पोटात चाळीस खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एकेक राक्षस दार लावून बसलेला. कुणी दार उघडलं तर उठून मारामारी करायची, नाही उघडलं तर बसून राहायचं. शेजारच्या खोलीतल्या राक्षसाला याचं नावही माहीत नाही.

"हा आमचा टॉवर झाला," मी म्हटलं. "यात राहायला पैसे पडतात, खेळायला कशाला हवाय?"

दुसरं पुस्तक उशीएवढं जाड. त्यात जग बुडणार होतं आणि ते वाचवायचं होतं. खलनायक कोण, तर काळा धूर. त्याला घर नाही, दार नाही, आई नाही, साधा खोकला नाही. मी तिघांना म्हटलं, "अरे, याचं सोंग कसं काढू मी? खलनायकाला निदान गुडघेदुखी तरी हवी."

तिसरं जेमतेम तीस पानांचं. एक बंदर. बंदरावर एक सराई. सराईची मालकीण येणाऱ्याजाणाऱ्याला जेवू घालते. जो जेवतो तो आपल्या घरचा रस्ता विसरतो. सगळं गाव अशाच विसरलेल्या माणसांचं. ती हे का करते, याबद्दल पुस्तकात एकच ओळ होती: तिला पाहुणे गेलेले आवडत नाहीत.

मी ती ओळ दोनदा वाचली.

"हे," मी म्हटलं.

"काका, हे छोटं आहे," डेंटिस्ट म्हणाला. "चारपाच रविवारांत संपेल."

"बघू," मी म्हटलं.

पुस्तकातल्या मालकिणीला सोनेरी केस आणि कमरेला चाव्यांचा जुडगा होता. मी केस काढून टाकले, चाव्या ठेवल्या. आणि तिला खाणावळवाली केलं. गिरणगावात वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? एकट्याने आलेले गिरणीकामगार जिच्याकडे महिन्याने जेवायचे, जिला सगळे मावशी म्हणायचे आणि जिला सगळे टरकून असायचे, अशा बाया मी लहानपणी पाहिल्यात. मी तिचा आवाज काढला, मालवणी, थोडा घोगरा, आणि वाक्य संपताना खाली न येणारा: "बसा रे, बसा. गरम वाढतंय. जातलास खंय?"

डेंटिस्ट हातात वडा घेऊन तसाच राहिला. बँकवाला तर चक्क बोलला. म्हणाला, "बाप रे."

बंदरात मी माणसं भरली. एक होडीवाला बसवला, जो नदीची खोली नेहमी कमी सांगायचा, कारण खरी सांगितली तर लोक पोहायला शिकतील. एक चोर ठेवला, तो कपडे चोरायचा आणि धुऊन, इस्त्री करून परत आणून ठेवायचा. मालकांना ओळखूच येत नसत. नाक्यावरचा शिपाई सगळ्यांच्या पत्रिका पाठ असलेला. एकेकाला अर्धं घर, अर्धा आजार आणि एक न फिटलेली इच्छा दिली. तिघांनीही आपापली पात्रं घेतली: डेंटिस्ट कुऱ्हाड घेतलेला योद्धा, बँकवाला मुका गवई, आणि चौदाव्या मजल्यावरची झाली नकाशे काढणारी बाई, जिला स्वतःच्या घरचा रस्ता तेवढा आठवत नव्हता. तो शोधायचा, मावशीचा पराभव करायचा, आणि घरी जायचं. एवढीच गोष्ट.

चार रविवार झाले. पाच झाले. मावशी दिसायची, हाक मारायची, वाढायची, पण तिच्या खाणावळीच्या मागच्या दारापर्यंत पोचायच्या आत काहीतरी आडवं यायचं. पूल कोसळायचा. नाक्यावरच्या शिपायाच्या मुलीचं लग्न निघायचं, मग दोन रविवार लग्नात. इस्त्रीवाल्या चोराने योद्ध्याची कुऱ्हाडच धुऊन बोथट केली, मग धार लावायला डोंगरापलीकडे.

याला कारण माझा मामा. मामा गिरणीत विणकर, पण दिवाळीनंतर रजा टाकून गावी जायचा आणि दशावतारात राक्षस व्हायचा. दशावताराला संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता कथा सांगतात आणि ढकलतात पुढे. काय बोलायचं ते ज्याचं त्याने बघायचं. मामाचा राक्षस मरता मरत नसे. बाण लागला तर म्हणायचा, हा लागलाच नाही. लागला तर म्हणायचा, आईला शेवटचं भेटून येतो. मी एकदा त्याला विचारलं, एवढं कशाला ताणतोस? तो रंग पुसत म्हणाला, "राकेस बेगीन मेलो तर माणसां काळोखातसून घराक कशी जातली?" उजाडेपर्यंत राक्षसाने टिकायचं, म्हणजे माणसं नीट घरी जातात. गावाचा नियमच होता तो.

मी तोच नियम लावला. फरक एवढाच, की मामाने माणसं घरी जावीत म्हणून ताणलं, आणि मी ती जाऊ नयेत म्हणून. हे तेव्हा मी स्वतःला सांगितलं नव्हतं. स्वतःला सांगत होतो, की कला आहे.

खरं तर माझा सगळा आठवडा रविवारच्या या तीन तासांभोवती बांधला गेला होता. सोमवारी मी झोपायचो. मंगळवारी नवीन अडथळा शोधायचा. बुधवारी आरशासमोर मावशीचा आवाज. गुरुवारी लालबागला जाऊन चिवडा, तोही तीन प्रकारचा, कारण डेंटिस्टाला तिखट चालत नसे. शुक्रवारी खुर्च्या पुसायच्या. शनिवारी त्या पुन्हा पुसायच्या. आणि रविवारी चारला बेल वाजली की लगेच उघडायचं नाही, दहा आकडे मोजायचे. नाहीतर दाराआडच उभा होतो हे कळतं.

बाराव्या रविवारी डेंटिस्ट जांभई देताना मला त्याच्या अक्कलदाढा दिसल्या. चौदाव्याला बँकवाला आला नाही, ताप आहे म्हणाला. सोळाव्या रविवारी खेळ संपल्यावर दोघं मित्र खाली गेले, पण ती मागे राहिली. स्वयंपाकघरात येऊन बशा विसळायला लागली.

"राहू दे गं," मी म्हटलं.

"काका, मावशी मरणार कधी?"

"अगं, मरेल की. घाई काय आहे?"

"मला आहे." तिने नळ बंद केला. "मी हैदराबादला चाललेय. नवी नोकरी. पुढचा रविवार शेवटचा."

मी फडक्याने ओटा पुसू लागलो. ओटा कोरडाच होता.

"कधी ठरलं?"

"दीड महिना झाला."

"दीड महिना! आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आणखी ताणलं असतंत. त्या दिवशी होडीला भोक पडलं, तेव्हाच मी ओळखलं. काका, त्या होडीला तीनदा भोक पडलंय. एकाच जागी."

मी म्हटलं, "लाकूड वाईट असेल."

ती हसली नाही. म्हणाली, "मला ती गोष्ट पुरी करून जायचंय. ती नकाशेवाली अशी अर्धवट बंदरावर उभी राहिली तर मला तिकडे काही सुधरणार नाही. संपवा ना. प्लीज. माझ्यासाठी." आणि बशा पालथ्या घालून गेली.

तो आठवडा मी कसा काढला, ते विचारू नका. अतिशयोक्ती करायची म्हटलं तरी काही वाढवता येत नाही. गुरुवारी चिवडा आणायला गेलो आणि एकच पुडी घेऊन आलो. मनात हिशोब सरळ होता: संपवलं तर सतराव्या रविवारी सगळं संपतं; नाही संपवलं तर ती जातेच, पण निदान मावशी माझ्याकडे राहते, बाकीचे दोघं कधीतरी येतील, गोष्ट उघडी राहील. शनिवारी मी चिठ्ठ्यांवर तीन नवे अडथळे लिहिले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. एक पूर, एक साप, आणि एक मावशीची जुळी बहीण. जुळ्या बहिणीवर सहा महिने निघाले असते.

रविवारी चारला तिघं आली. बँकवालाही, नाक लाल, पण आला. पाच वाजेपर्यंत ती तिघं खाणावळीच्या मागच्या दाराशी पोचली.

"दार बंद आहे," मी सुरुवात केली. हात खिशात. "आणि नदीकडून एक आवाज येतोय. पाण्याचा..."

चौदाव्या मजल्यावरची माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. लिफ्टमध्ये लोक आकड्याकडे बघतात तसंही नाही. नुसती बघत होती.

"पाण्याचा आवाज येतोय," मी म्हटलं, "कारण आत कुणीतरी पानं धुतंय. दार लोटा. उघडंच आहे."

डेंटिस्ट लगेच उठून उभाच राहिला. "मी दिवा फोडतो!" पुस्तकाप्रमाणे मावशीचा जीव छतावरच्या दिव्यात होता. तो फुटला की ती मेली. त्याने फासा हातात घोळवला.

"थांब रे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली, म्हणजे मावशीकडे. "मावशी, एक विचारू? तुम्हाला नक्की काय हवंय?"

याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. मी पानं उलटायचं नाटक केलं. मामाला संहिता नसायची, पण कथा तरी रंग लावताना कुणी सांगितलेली असायची. मला कुणी काहीच सांगितलं नव्हतं. मी मावशीचा आवाज काढला, आणि तो नेहमीसारखा घोगरा आला नाही.

"काय होया माका?" मावशी म्हणाली. "सकाळी पन्नास पानां मांडतंय. सगळे जेवतत. हात धुतत. आणि जातत. मगे ही भांडी आणि मी. तुमका रस्तो आठवतलो तर तुम्ही परत कित्याक येतलास? म्हणान मी तो काढून घेतंय. वायट करतंय, माका ठावक आसा. पण गो बाय, संध्याकाळी खाणावळ रिकामी झाली काय केवढी मोठी होता, ता तू बघितलं नाय."

चिवड्याची पुडी तशीच बांधलेली होती. अठरा मजले खाली कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, तिचं टुणटुण वर येत होतं.

डेंटिस्टाने फासा टेबलावर ठेवला. टाकला नाही, ठेवला.

"मावशी," ती म्हणाली, "आम्ही जाणार आहोत. चोरून नाही, दिवा फोडून नाही. आमच्या हातावर दही ठेवा आणि तुम्हीच दार उघडा. लांब जाणाऱ्याला दही देतात ना? मग द्या."

यावर फासा टाकायचा असतो. पाचाच्या आत आकडा पडला की मावशी नाही म्हणणार, असा नियम मला लावता आला असता. मी उठलो, फ्रिज उघडला, दह्याचं भांडं काढलं. तिघांचे हात पुढे आले. मी एकेकाच्या तळव्यावर चमचाभर दही ठेवलं.

"काका, आंबट आहे," डेंटिस्ट म्हणाला.

"मावशीचं आहे. गप खा."

मग मी दार उघडलं. गोष्टीतलं. आणि सांगितलं, की बाहेर रस्ता आहे, नकाशेवालीला तो आठवला आहे, डावीकडे वळून टेकडी, टेकडीखाली तिचं घर, दारात चपला. ती चालायला लागते. मागे मावशी उंबऱ्यावर उभी राहते, मग आत जाते.

"आत जाऊन काय करते?" बँकवाल्याने विचारलं. सतरा रविवारांतलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

"पानं मांडते."

"किती?"

मी म्हटलं, "ते गोष्टीत नाही."

डेंटिस्ट वैतागला. "म्हणजे आपण जिंकलो की नाही?"

"जेवलो तर खरं," बँकवाला म्हणाला, आणि तिघं हसली, मीही हसलो. ती जाताना लिफ्टपाशी थांबली आणि वाकून पाया पडली. मी काहीतरी अचाट बोलणार होतो, हैदराबादच्या निजामाने एकदा मला क्रेनसकट मागणी घातली होती वगैरे. पण "पोचलीस की कळव," म्हटलं. एवढं साधं वाक्य माझ्या तोंडून जन्मात निघालं नव्हतं.

तिसरा भिडू गेल्यावर उरलेल्या दोघांनी यायचं म्हणून पाहिलं. एक रविवार डेंटिस्टाला पेशंट, दुसरा रविवार बँकवाल्याच्या घरी पाहुणे. मग त्यांनी सांगणं सोडलं आणि मी विचारणं. खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या. रविवारी चारला मी गच्चीवर जातो. तिथे पाण्याच्या टाक्या आहेत, त्या बऱ्या आहेत, थापेला 'हां साहब' तरी म्हणत नाहीत.

दोनेक महिन्यांनी तिचा फोन आला. रविवारच होता, सहाचा सुमार. मागे बरीच माणसं बोलत होती, कुणी हिंदीत, कुणी तेलुगूत.

"काका, पटकन! मी खाणावळ चालवतेय इथे. नवीन ग्रुप आहे. माझी मावशी जमतच नाहीये, सगळे हसतायत. 'जातलास खंय' कसं म्हणायचं? फोन स्पीकरवर टाकते, तुम्ही म्हणा."

मी घसा साफ केला. गॅसवर भात होता, तो बारीक केला. आणि म्हटलं, घोगऱ्या आवाजात, शेवट वरच ठेवून: "बसा रे, बसा. गरम वाढतंय. जातलास खंय?"

तिकडचं हसणं थांबलं. मग कुणीतरी पोरगा हळूच म्हणाला, "यार, ये कौन है?"

"मावशी," ती म्हणाली. "मुझे बोली थीं, मेहमानों को..." आणि पुढचं गोंगाटात बुडालं. तिला आता फोनची गरज नव्हती, तिचं सुरू झालं होतं. तिने फोन बंद केला नाही, विसरली असणार. मी तो कानाला लावून उभा राहिलो. लांबून फासा टाकल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं, कुणीतरी नदीत पडलं बहुतेक. होडीला भोक पडलं होतं.

पंधरा-वीस मिनिटं ऐकलं असेल. तास म्हणालो तरी चालेल. मग कुणाचा तरी हात लागला आणि फोन कट झाला.

भात खाली लागला होता. वरचा वरचा काढून घेतला आणि जेवायला बसलो.